कोनापासून वाचवाचं हाय?

"कोनापासून?" हा बाईंचा पहिला प्रश्न असायचा.

तुम्ही म्हणावं, बाई, घरच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी सिक्युरिटीचं टाकून द्या. बाई बॅग खाली ठेवायच्या, ओढणीच्या टोकानं चष्मा पुसायच्या आणि विचारायच्या, "कोनापासून वाचवाचं हाय?"

लोक गोंधळायचे. व्हायरसपासून, आणखी कोणापासून? पण बाईंना तेवढं उत्तर पुरायचं नाही. व्हायरस येते कुठून, पेन ड्राइव्हमधून का मेलमधून? घरात लहान लेकरं बसते का? फोटो हरवले तर रडू येईल असे किती हायेत? डॉक्टर नाडी धरून बसतो तशा त्या माउस धरून बसत.

गडचिरोलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीला लागून त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं एका शटरचं दुकान होतं. बाई धानोऱ्याच्या पलीकडच्या एका गोंड गावातल्या. आईचा फोन आला की गोंडीत बोलत, आणि तेवढा वेळ त्यांचा आवाज शाळकरी मुलीसारखा होई. फोन ठेवला की पुन्हा बाई.

आमच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. भीतीपोटी त्यांनी एकामागून एक तीन अँटिव्हायरस टाकले. कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ लागे की गुरुजी बटण दाबून आंघोळीला जात. बाईंनी पाहिलं आणि हसू दाबलं. "गुरुजी, एका दारावर तीन चौकीदार बसवले तुमी. ते एकमेकाईलेच पकडून राह्यले." दोन काढले, एक ठेवला. वर गुरुजींना सांगितलं, पडद्यावर लाल चौकोन येऊन 'तुमच्या संगणकात धोका आहे, इथे दाबा' म्हणाला तर दाबायचं नाही. "जो दारात येऊन वरडते का तुमच्या घरी चोर शिरला, आधी त्याचंच तोंड पाहा जी."

काम झाल्यावर त्या वहीचं एक पान फाडून लिहून देत. अँटिव्हायरस काय करतो, फायरवॉल काय करते, बॅकअप कशासाठी. आणि प्रत्येकाच्या पुढे, 'हे काय करत नाही.' हा दुसरा भाग नेहमी लांब असे. अँटिव्हायरस हरवलेला फोटो परत आणत नाही. फायरवॉल तुम्ही स्वतः सांगितलेला पासवर्ड अडवत नाही. पान हातात दिलं की त्या समोरच्याकडून ते म्हणवून घेत. गुरुजींनी आयुष्यभर पोरांकडून पाठ करून घेतलं. बाईंपुढे ते हाताची घडी घालून उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

मी पंचायत समितीत लिपिक. बायको एटापल्लीकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स, पंधरा दिवसांनी घरी यायची. घरात मी आणि आमची मंजू. त्या वर्षी तिची बारावी झाली होती, नागपूरच्या कॉलेजात प्रवेशाचा फॉर्म भरला होता.

जूनमध्ये मंजू बदलली. संध्याकाळ झाली की कॉम्प्युटरपुढे बसायची. मी खोलीत गेलो की पडद्यावरचं काहीतरी झटकन लपवायची. जेवण अर्धं ताटात. विचारलं तर "काई नाई." मी बापाचं डोकं चालवलं आणि बापांना सुचतं तेच मला सुचलं. असेल कोणी पोरगा. मग तेवढंच विचारत राहिलो.

मी बाईंच्या दुकानात गेलो. आजूबाजूला कोणी नाही पाहून म्हणालो, "बाई, पोरगी काय लिहिते, कोनाशी बोलते, ते मले माझ्या फोनवर दिसलं पाहिजे. असं सॉफ्टवेअर राह्यते म्हनतेत."

"राह्यते," बाई म्हणाल्या. मग चष्मा काढला. "कोनापासून?"

"पोरीपासून नाई. पोरीसाठी."

"तिले माहीत राहीन?"

"तिले सांगून कसं जमन?"

बाईंनी ओढणीनं चष्मा पुसला. "भाऊ, लहान लेकराईसाठी राह्यते ते वेगळं. त्यात लेकराले माहीत राह्यते, का ही साइट बंद हाय, इतकाच वेळ बसाचं हाय. तुमी जे मागून राह्यले, ते मी लोकाईच्या कॉम्प्युटरमधून काढाचे पैसे घेते. फरक इतकाच का ते परक्यानं टाकलं राह्यते."

मला राग आला. माझं घर, माझा कॉम्प्युटर, माझी पोरगी. मी तसं म्हणालोही. बाई भांडल्या नाहीत. "उद्या येते म्हना तिले," एवढंच म्हणाल्या. "ती घरी असतानाच येईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. दारात चपला काढल्या, मंजूच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. मला वाटलं, गोड बोलून काहीतरी काढून घेतील. त्यांनी सरळ सांगून टाकलं.

"बेटा, तुझ्यावर नजर ठेवाचं सॉफ्टवेअर टाकून द्या म्हनून तुझे बाबा माझ्याकडे आले होते. मी नाई टाकलं. पन ते घाबरले हायेत. काऊन घाबरले, ते तूच सांग."

मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं. मंजूनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती कीबोर्डकडे पाहत म्हणाली, "टाकाची गरजच नाई बाई. पहिलेच कोनीतरी पाहून राह्यलं."

बाईंनी आधी हात लांब करून इंटरनेटची वायर उपसली. मग म्हणाल्या, "आता नाई पाहत. बोल."

प्रवेशाचा फॉर्म अडकला होता. मंजूनं मदतीचा नंबर शोधला, तो कॉलेजचा नव्हताच. पलीकडचा माणूस फार सभ्यपणे बोलला. एक प्रोग्राम घे, मी इथूनच फॉर्म दुरुस्त करतो, म्हणाला. तिनं घेतला. पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला, फॉर्म खरंच दुरुस्त झाला. दुसऱ्या दिवशी बाण पुन्हा आपोआप फिरला. मार्कशीट, आमचे घरचे फोटो, सगळं त्यानं नेलं होतं. आता त्याला माझ्या बँकेचा पासवर्ड हवा होता. नाहीतर फॉर्म रद्द करीन, तुझे फोटो वाईट करून सगळ्यांना पाठवीन. रोज संध्याकाळी सहाला कॉम्प्युटर सुरू ठेवायचा, कोणाला सांगायचं नाही.

आठ दिवस माझी पोरगी रोज सहाला बसून त्या माणसाला टोलवत होती. बाबा पासवर्डची वही कपाटात ठेवतात. बाबा आज उशिरा येणार. आज किल्ली सापडत नाही. पासवर्ड तिनं दिला नव्हता.

आणि मी पोरगा शोधत होतो.

"अँटिव्हायरस होता न बाई?" मला तेवढंच सुचलं. "पैसे भरून घेतला होता."

"होता. झोपला बी नवता. पन हे व्हायरस नाई भाऊ. हा प्रोग्राम दुरून दुरुस्तीसाठी मी बी वापरते. पोरीनं आपल्या हातानं आत घेतला, तर चौकीदाराले वाटलं पाहुनाच हाय." मग मंजूकडे वळून म्हणाल्या, "तुझी चूक नाई. चांगले चांगले साहेब फसतेत. तू तर आठ दिवस दार धरून उभी राह्यली."

तेव्हा मंजू रडली. बाईंनी तिचं डोकं खांद्यावर घेतलं आणि मला डोळ्यांनीच चहा करायला पाठवलं.

संध्याकाळपर्यंत त्या बसल्या. त्या माणसाच्या पडद्यावरच्या धमक्यांचे फोटो काढून ठेवले. घरचे फोटो एका डिस्कवर काढून कॉम्प्युटर पूर्ण पुसला, नव्यानं बसवला. पासवर्ड सगळे बदलले, तेही स्वतःच्या फोनवरून. मी बँकेला कळवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पोलिसांकडे गेलो. तिथे मंजूला सगळं पुन्हा सांगावं लागलं. ती अडखळली की बाई तिच्या पाठीवर हात ठेवत, पण तिच्याऐवजी बोलत नसत. तो माणूस आणखी दोन दिवस फोन करत राहिला, मग थांबला. फोटो कुठेही आले नाहीत. फॉर्म शाबूत होता.

पोलिसांकडे जाऊन आलो त्या रात्री जेवताना मंजूनं विचारलं, "बाबा, तुमी खरंच पाहनार होते?"

"हो," मी म्हणालो. "चुकलो मी."

तिनं माझ्या ताटात भाजी वाढली. "मले घाबरली काऊन म्हनून विचारलं असतं तर मी तवाच सांगतलं असतं. तुमी पोरगा हाय का, इतकंच विचारत होते."

पुढे एकदा दुकानात बसलो असताना मी बाईंना विचारलं, नाही म्हणायचं धाडस कुठून आणलं? गिऱ्हाईक तुटतं की. बाई एका स्क्रूवर पेचकस फिरवत राहिल्या.

"नवीन होती तवा टाकून दिलं होतं एकाले. बायकोच्या लॅपटॉपात. काऊन पाहिजे म्हनून विचारलंच नाई, काम मिळालं याचाच आनंद. महिन्यानं ती बाई दुकानात आली. गाल सुजला होता. भांडली नाई. 'तुमीच टाकलं का?' इतकंच विचारलं अन् गेली माहेरी." पेचकस थांबला. "मले तिचं नाव बी माहीत नाई जी."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं लग्न ही गोष्ट आपण मनातल्या मनात कधीच बाद करून टाकलेली असते. चाळिशी ओलांडल्यावर बाईंनी लग्न केलं तेव्हा आमची गल्ली दोन दिवस दुसरं काही बोलली नाही. नवरा सिरोंचाकडचा, एसटीत कंडक्टर, बायको वारलेला, घरात तेलुगू बोलणारा. त्याचा लॅपटॉप दुरुस्तीला आला होता म्हणे. गुरुजींनी काळजीनं विचारलं, "माणूस पारखून घेतला ना?" बाई लाजल्या. गुरुजींनी तो विषय पुन्हा काढला नाही.

त्या नवऱ्याकडे राहायला निघाल्या त्या सकाळी मी आणि मंजू बसस्टँडवर गेलो. मंजू सुट्टीला आली होती. बस सिरोंचाची, आणि ड्युटीवर नवराच. बाई पुढच्या बाकावर खिडकीशी बसल्या. मला पुष्कळ बोलायचं होतं. "पोचल्यावर फोन करा" इतकंच बोललो. त्यांनी मंजूच्या हातावर थोपटलं. गाडी सुटायला वेळ होता. आम्ही चहा घेऊन परत आलो.

"बाबा, पाहा," मंजू हळूच म्हणाली.

बाई झोपल्या होत्या. काचेला डोकं टेकून, तोंड जरासं उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी साध्या डुलक्या घेतानाही पाहिलं नव्हतं.

कंडक्टर तिकिटं देत पुढे आला. त्यांच्या मांडीवरून घसरणारी बॅग त्यानं अलगद उचलून वर ठेवली. चष्मा काढून घडी करून स्वतःच्या खिशात घातला. मग हात सवयीनं घंटीच्या दोरीकडे गेला आणि मध्येच थांबला. तो चालत ड्रायव्हरपर्यंत गेला, त्याच्या खांद्याला बोट लावलं आणि कानात काहीतरी म्हणाला.

घंटी न वाजवताच बस निघाली.