झोक्यावरचं वजन

मी चौथीपर्यंत शिकलो, पण वजनात मला कोणी फसवू शकलं नाही. जन्मभर मार्केट यार्डात, भुसार बाजारात तोलणार होतो. पोतं काट्यावर घ्यायचं, आकडा मोठ्यानं सांगायचा, हे काम. मापात पाप केलं नाही. तेवढी एकच अक्कल मला होती आणि तीच नडली. गुडघे गेले तसा घरी बसलो.

बायको कर्वेनगरातल्या मुलींच्या शाळेत मावशी होती. घंटा, पाणी, झाडलोट. मागल्या वर्षी आपला माणूस अंतराळात जाऊन आला आणि सगळ्यांना तेच वेड लागलं. आमच्या कॉलनीतल्या मंडळानं गणपतीपुढं रॉकेट उभं केलं आणि उंदराला हेल्मेट घातलं. पुण्यात माणसं घालत नाहीत, उंदरानं घातलं. शाळेत एक शास्त्रज्ञ व्याख्यानाला आले. ही पाण्याचा तांब्या घेऊन हॉलच्या दाराशी उभी राहिली, ती शेवटपर्यंत हललीच नाही.

मग रोज भाकरी थापता थापता मला तेच. अंतराळवीर होणं म्हणजे गंमत नाही म्हणायची. खुर्चीत बसवून गरगरा फिरवतात. डोळ्यात, कानात, दातात खोट चालत नाही. तो जाडजूड पोशाख घालून पाण्याच्या टाकीत उतरवतात आणि तासन् तास नटबोल्ट पिळायला लावतात. चारचौघांना एका खोलीत कोंडून ठेवतात, भांडतात का ते बघायला. मी म्हटलं, मग आपण पास, एका खोलीत संसार काढला.

"भांडण तपासतात हो," ती म्हणाली. "तुम्ही पहिल्याच दिवशी घरी."

मला ते आवडायचं. कबूल केलं नाही कधी, पण संध्याकाळी तिची चप्पल वाजली की वाटायचं, आज काय सांगते बघू.

एका रविवारी लेक-जावई जेवायला आले. जावई हिंजवडीला कंपनीत आहे. वाढता वाढता ही सांगायला लागली, की वर वजन नसतं, तरी माणसाचं वजन करतात. स्प्रिंगच्या पाटावर बसवून झोका देतात. माणूस जड असला तर पाट सावकाश हलतो, हलका असला तर भरभर. त्यावरून आकडा काढतात.

मी ठसका लागेपर्यंत हसलो. म्हटलं, "वजनच नाही तर मोजतात काय, डोंबल? उद्या म्हणशील, गव्हाचं पोतं पाळण्यात घाला." जावईही हसला.

तिनं माझ्या ताटात आमटी वाढली. "हसा," म्हणाली. "मी कुठं शिकलेली आहे."

त्या दिवसापासून अंतराळ बंद. भाकरी थापताना नुसता तव्याचा आवाज. मला कळत होतं. आपणच विषय काढावा असं दहादा वाटलं, पण तोलणाराचा ताठा आडवा आला. थंडीत तिला ताप आला आणि चार दिवसांत गेली.

गेल्या महिन्यात शाळेनं तिचं सामान न्यायला बोलावलं. दोन साड्या, एक डबा, स्वेटर. पिशवी भरताना विज्ञानाच्या बाई आल्या. मी सरळ विचारलं, वर माणसाचं वजन खरंच झोका देऊन करतात का.

"हो काका, अगदी तसंच," बाई म्हणाल्या. "मावशींच्या प्रश्नावरच तर त्या शास्त्रज्ञांनी ते सांगितलं. व्याख्यान संपलं, प्रश्न विचारा म्हटलं तर मुली गप्प. आणि दारातून मावशींनी हात वर केला."

"काय विचारलं तिनं?"

"म्हणाल्या, आमच्या मालकांचा जन्म काट्यावर गेला. तिथं वजनच नाही, तर त्यांच्यासारख्या माणसानं तिथं करायचं काय?"

भरल्या हॉलमध्ये. रिक्षावाल्याला पत्ता सांगायलासुद्धा मला पुढं करणारी बाई ती.

"बरोबर होतं गं तुझं," मी म्हटलं.

"काय म्हणालात, काका?"

"तुम्हाला नाही सांगत हो," मी म्हटलं, आणि पिशवी उचलून बाहेर पडलो.