आधी आतली तोंडं

"ए बाई, हुंग गं त्याचं तोंड."

असं म्हनला पोलीस जमादार मला. भर दुपारी, समद्यांच्या देखत. मी परमिट रूमच्या भटारखान्यात कांदा चिरत हुते. डोळ्यात पानी, हाताला वास. तशीच बाहेर बोलावली.

फॅक्टरीच्या रस्त्याला हाय आमचं परमिट रूम. बाहेर पत्र्याखाली बाकडी. तिथं हमाल, ट्रॅक्टरवाले, ऊसतोडीची मानसं बसत्यात. आत काचेचं दार, गार हवा, मऊ खुर्च्या. त्या दिशी आत बागायतदारांची पोरं हुती. एक तर टेबलावर डोकं टेकून पडल्यालं, शुद्धच न्हवती.

पोलिसांनी बाहेरच्यांना भिंतीला उभं केलं. पिऊन दंगा करता म्हनं. दंगा कोनी केला न्हवता. फुंकायचं मशीन त्यांच्याकडं न्हवतं. जमादारानं नाकाला रुमाल लावला. "यांची तोंडं आमी हुंगायची व्हय? ही उष्टी काढती ना, हिला सवय आसंल."

परमिट रूमचा शेठ हासला. मला धरनीनं पोटात घ्यावं असं झालं. पहिल्या दोघांपुढं मी नुसती उभी राहिले, श्वास कोंडून. जमादार आपला आपनच म्हनला, "येतोय ना? घ्या गाडीत."

तिसरे आमचे मालक. माझा नवरा.

पारनेरकडचे ते, कोरडवाहू घरातले. फॅक्टरीत पोती वाहायला आले ते हितंच राहिले. पाठ लई दुखली की एक क्वार्टर घ्यायचे. पर लग्न झाल्यापास्नं मला कधी वास येऊ दिला न्हाई त्यांनी. बडीशेप चघळत घरी यायचे, झोपताना तोंड भिंतीकडं करायचे. मला समदं ठावं हुतं. त्यांनी झाकलेलं मी बी झाकलेलंच ठेवलं. आमच्या घरात तेवढीच अब्रू हुती.

"हा कर."

त्यांनी तोंड गच्च मिटलं. जमादारानं मानगूट धरून त्यांचं तोंड माझ्या तोंडापुढं आनलं. मग त्यांनी हा केलं. बारीक. डोळे मिटून.

"काय वास येतो?"

"घामाचा येतो साहेब. पोती वाहिल्याचा."

"नीट सांग."

तवा मात्र माझं टाळकं सरकलं. "नीट सांगते की. आतली बी हुंगते, मग समद्यांचं एकदमच सांगते." आन् मी काचेचं दार उघडलं. त्या पडलेल्या पोराच्या तोंडापर्यंत गेले बी हुते. शेठनं दंडाला धरून मागं वढली. जमादार म्हनला, "ती घरची मानसं हायेत."

मंग आमी कोन?

दारू वाईटच, मला कोनी शिकवू नये. पिऊन गाडी हाकली, बायकोला मारलं, तर धरा की. मी येते साक्षीला. पर दारूच्या दुकानात मानूस दारू प्यालेला घावला, ह्यो गुन्हा कसला? तिथं काय ताक पीत बसायचं? परवाना सरकारचा, पाटी सरकारच्या मर्जीची. आन् गुन्हाच आसंल, तर काचेच्या आत का न्हाई?

मालकांना नेलं, सांजच्याला सोडलं. तवापास्नं दारू सुटली त्यांची. लोक म्हनत्यात, बरं झालं. काय बरं झालं? बोलनं बी सुटलं. बडीशेपची पुडी खुंटीवरच्या सदऱ्यात तशीच हाय. एकदा जेवताना म्हनले, "तू जवळ यायला नको हुतं." तेवढंच. मला रडू आलं, मी भांडी घासायला उठले.

अजून भिंतीकडंच तोंड करून झोपत्यात. आता तोंडाला कसलाच वास न्हाई, तरी.

काम मी सोडलं न्हाई. शेठनं बी काढलं न्हाई, उष्टं काढायला दुसरी कोन मिळत न्हाई त्याला. त्याला वाटतं, पोटासाठी गप बसली. पोटासाठी आले, व्हय. गप बसायला न्हाई. जमादार परत येनार, परत रुमाल लावनार, परत मलाच हाक मारनार. मी हात पुसून आधी काचेच्या दारात जाऊन उभी राहनार. आधी आतली तोंडं. तवर बाहेरच्या एकाबी मानसाला मी हा करू देनार न्हाई.