धरलंय मी

पोहण्याच्या बाईंचं लक्ष आधी गेलं ते त्या माणसाच्या हाताकडे.

कमरेएवढ्या पाण्यात तो उभा होता आणि बाईंच्या लेकीच्या फळीचं मागचं टोक त्याने धरलं होतं. लेक फळीवर पालथी, हनुवटी वर, तळवे छातीपाशी. मागून फुटलेली लाट फेस घेऊन येत होती. तो वाकून काहीतरी बोलला, लेकीने मान हलवली, आणि त्याने फळी ढकलली. लहानपणी नाकात पाणी गेलं म्हणून दोन दिवस शाळेला न गेलेली, आता अडतीस वर्षांची झालेली ही बाईंची लेक चक्क लाटेवर उभी राहिली. गुडघे वाकलेले, हात पसरलेले, तोंड उघडं. पाचेक सेकंदांनी धपकन पडली आणि हसतच वर आली.

छत्रीखाली बसलेल्या जावयाने टाळ्या वाजवल्या. सात वर्षांची नात, जिला घरात सगळे भिंगरी म्हणत, वाळूतच नाचायला लागली. बाईंनी मांडीवरच्या टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा तशीच घातली.

"छान जमलं नाही, आई?" जावई म्हणाला.

"लाट छोटी होती," बाई म्हणाल्या.

बाईंनी तीस वर्षं नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवलं होतं. सकाळी बायकांची बॅच, संध्याकाळी मुलांची. हिरव्या फरशा, गळ्यात शिटी, गुडघ्यापर्यंतचा काळा पोहण्याचा पोशाख. क्लोरीनने केस वाळक्या गवतासारखे झाले होते आणि बोटांची टोकं बारा महिने सुरकुतलेली असायची. नवरा होता तेव्हा म्हणायचा, "आमच्याकडे भाजीत मीठ कमी पडेल, पण क्लोरीन कमी पडत नाही." बाजारात एखादा टक्कल पडलेला गृहस्थ समोर येऊन "बाई, ओळखलंत का?" म्हणाला की बाई चेहरा बघतच नसत. खांदे बघत. "तू तो, उजवा पाय न मारणारा," असं म्हणत, आणि ते बरोबर निघे.

त्यांची एक पद्धत होती. मुलाला पाण्यावर पालथं घ्यायचं, पोटाखाली तळवा द्यायचा आणि म्हणायचं, "घाबरू नकोस, धरलंय मी." दोन दिवस खरोखर धरायचं. तिसऱ्या दिवशी तोंडाने "धरलंय, धरलंय" चालू ठेवायचं आणि हात हळूच काढून घ्यायचा. मूल आपल्याच नादात दहा-बारा फूट जायचं, मग वळून बघायचं, तर बाई मागे दोन्ही हात वर करून उभ्या. बाकावर बसलेले आईबाप टाळ्यांचा कडकडाट करत. त्या क्षणासाठी बाईंनी तीस वर्षं गार पाण्यात काढली म्हटलं तरी चालेल. आठ दिवसांत न शिकलेलं मूल त्यांच्या हाताखालून गेलं नाही.

त्यांची लेकही तशीच शिकली, तिसऱ्याच दिवशी. पण दहाव्या वर्षानंतर ती तलावावर फिरकली नाही. अभ्यास वाढला असेल, असं बाईंनी धरून चाललं. पिकतं तिथे विकत नाही, त्याला कोण काय करणार.

नातीचं मात्र त्यांनी मनावर घेतलं होतं. दर सुट्टीत त्या विचारत, आणि दर सुट्टीत लेकीकडे कारण तयार असे. कान फुटलाय. परीक्षा आहे. क्लोरीनने कातडी कोरडी पडते. बाई निवृत्त झाल्या त्या वर्षी शेवटच्या बॅचमध्ये चाळीस मुलं होती. चाळीसही लोकांची. म्हणून समुद्रावर सहा दिवस जायचं ठरलं तेव्हा बाईंनी कुणाला न सांगता बॅगेच्या तळाशी आपला जुना पोशाख आणि नातीच्या मापाचा नवा फुलाफुलांचा पोशाख ठेवला. हवापालट वगैरे बाकीच्यांसाठी. बाई आल्या होत्या ते भिंगरीला पाण्यात उतरवायला.

आणि दुसऱ्याच दिवशी हा लाटवाला मध्ये आला. हे नाव बाईंनीच मनातल्या मनात त्याला दिलं होतं. लेक त्याला 'सर' म्हणत होती.

"सर काय समजावतात गं," केस पिळत लेक म्हणाली. "उद्या भिंगरीलाही पाठवते. लहान मुलांची बॅच साडेआठला असते."

"तिला पोहता येत नाही."

"जॅकेट घालतात. पाणी पण कमरेपर्यंतच."

"मग मी कशाला आहे?"

"तू सुट्टीवर आलीयेस, आई. आराम कर की. आणि सोनारानेच कान टोचलेले बरे."

"सोनार घरातच बसलाय," बाई म्हणाल्या. "तुझे त्यानेच टोचले होते."

जावयाने क्रीमची बाटली उचलली आणि तिच्यावरची बारीक अक्षरं फार मन लावून वाचायला घेतली.

दुपारी जेवताना बाई मनातल्या मनात त्याच्या चुका मोजत होत्या. एका तासाचा मास्तर. ना गळ्यात शिटी, ना हातात वही. पाण्यात किती मुलं आहेत ते मोजत तरी होता का? आणि लेक त्याच्यासमोर अशी हसत होती, जशी बाईंनी तिला पाण्यात हसताना कधी पाहिलं नव्हतं. नेमकं तेच बाईंना सलत होतं. चार वाजता जरा पाय मोकळे करून येते म्हणून त्या निघाल्या, आणि थेट लाटवाल्याच्या झोपडीवजा दुकानासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्यातली खोट काढायची असेल तर त्याच्या हाताखाली जायला हवं, एवढं त्यांना कळत होतं.

"वय काय, काकू?"

"एकसष्ट."

"पोहता येतं?"

"थोडंफार."

त्याने आधी वाळूत फळीचा आकार आखून त्यावर झोपायला लावलं. पालथं पडा, तळवे टेका, छाती उचला, एका उडीत पाय खाली घ्या. बाईंनी चारदा केलं. चौथ्यांदा त्यांचा गुडघा कडकन वाजला. तो हसला नाही, याचाही त्यांना राग आला. हसला असता तर सांगायला काहीतरी मिळालं असतं.

पाण्यात गेल्यावर त्याने घोट्याला फळीची दोरी बांधली आणि मागचं टोक धरलं. "काकू, आता मी धरलंय. लाट आली की एक, दोन, तीन म्हणेन. तीनला सोडेन. त्याच्या आधी सोडणार नाही."

बाईंमधली शिक्षिका उसळून वर आली. "हे सांगता कशाला? सांगितलं की माणूस घाबरतो. गुपचूप सोडायचं असतं."

"घाबरतात ना. मग नको म्हणतात. मग मी ती लाट जाऊ देतो."

"अशाने ते शिकणार कधी?"

"काही जण नाही शिकत," तो म्हणाला. "पोटावर झोपूनच दोन-चार फेऱ्या मारतात आणि घरी जातात. लाट आली बघा. एक. दोन."

"थांबा," बाई म्हणाल्या.

आपल्या तोंडून काय निघालं याचं त्यांनाच नवल वाटलं. लाट फळीखालून निघून गेली. तो नुसता फळी धरून उभा राहिला. दुसऱ्या लाटेलाही बाई "थांबा" म्हणाल्या. पाण्याची भीती त्यांना जन्मात वाटली नव्हती. पण पाण्यात आपण आडवं असायचं आणि दुसऱ्याचा हात मागे, न दिसणारा, हे त्यांच्या बाबतीत कधी घडलंच नव्हतं. त्या कायम हाताच्या बाजूला असत.

तिसऱ्या लाटेला त्या गप्प राहिल्या. तीनला त्याने सोडलं. बाई गुडघ्यांपर्यंत उठल्या, फळीचं नाक खाली गेलं आणि खारं पाणी नाकातून थेट मेंदूपर्यंत पोचलं.

"मस्त, काकू. अजून एक?"

"पुरे," बाई म्हणाल्या. परत येताना त्यांना आधीपेक्षा जास्त राग आला होता. मास्तर वाईट निघाला असता तर किती बरं झालं असतं.

खोलीत लेक नवऱ्याच्या भाजलेल्या पाठीला क्रीम लावत होती. बाल्कनीत खुर्चीवर ओले कपडे, कोपऱ्यात वाळूने भरलेल्या चपला. भिंगरी टीव्हीसमोर पालथी पडून उद्याची तालीम करत होती. आईच्या केसातून पाणी गळताना पाहून लेकीने भुवई उचलली.

"तू पण गेलीस?"

"गेले." बाई पलंगाच्या कडेला बसल्या. "त्याच्यावर तुझा एका तासात भरवसा बसला. मी तीस वर्षं शिकवलंय. माझ्याकडे पोरगी द्यायला तुझा जीव का होत नाही, ते सांग. कान फुटलाय म्हणू नकोस."

जावई उठला. "भिंगरे, चल, आइस्क्रीम आहे का बघून येऊ."

"बाबा, तुमची पाठ पांढरी दिसतेय."

"असू दे पांढरी. चल."

दार लागल्यावर लेकीने क्रीमचं झाकण सावकाश फिरवून बसवलं. "तू म्हणाली होतीस, धरलंय."

"कधी?"

"तलावात. सात वर्षांची होते मी. तू धरलंय, धरलंय म्हणत होतीस आणि मी मागे बघितलं तर तू कुठच्या कुठे. हात वर. लोक टाळ्या वाजवत होते."

"तू पोहत होतीस म्हणून वाजवत होते."

"मला कुठे माहीत होतं मी पोहतेय? मला वाटत होतं तू धरलंयस." लेकीचा आवाज चढला नव्हता. "नंतर मी तापाने पडले की तू उशाशी बसून म्हणायचीस, झोप, मी इथेच आहे. मी डोळे उघडून बघायचे. दर थोड्या वेळाने. आहेस का म्हणून."

बाईंना ते आठवत होतं. या पोरीला तापात झोपच लागत नाही, असं त्या डॉक्टरांना सांगत असत.

"अगं, दोन हजार मुलं शिकली तशी."

"शिकली ना. मीही शिकलेच की. सकाळी फळीवर म्हणूनच बिनधास्त गेले, पडले तरी पोहता येतं मला." तिने क्रीमची बाटली बाजूला ठेवली. "पण त्यांनी सोडायच्या आधी सांगितलं, आई. मी मागे वळून बघितलंच नाही."

बाई पायाला चिकटलेली वाळू बोटाने काढत राहिल्या. 'चुकलं' हा शब्द त्यांच्या जिभेच्या टोकापर्यंत आला, पण त्याच्या आधी लाटवाल्याचा चेहरा आला आणि शब्द परत फिरला.

"साडेआठला जाऊ दे तिला त्याच्याकडे," शेवटी त्या म्हणाल्या. "पण सातला मला दे. हॉटेलच्या तलावात. तू समोर बस."

"आणि ती नको म्हणाली तर?"

"तर नको."

हे दोन शब्द उच्चारायला बाईंना किती जड गेलं, ते त्यांच्या लेकीला कळलं असावं. तिने मान हलवली.

सकाळी सातला हॉटेलच्या तलावावर एक माणूस लांब दांड्याच्या जाळीने पाण्यातली पानं काढत होता. लेक पायऱ्यांवर बसली. भिंगरी फुलाफुलांच्या पोशाखात, दात वाजवत, आजीच्या तळव्यावर पालथी झाली.

"आजी, धरलंयस?"

"धरलंय."

"सोडणारेस?"

"सोडायच्या आधी विचारेन."

"मग विचारू नकोस."

"विचारेन. तू नको म्हण हवं तर."

भिंगरीने पाय मारले, फुगे सोडले, पाणी गिळलं, लाटवाल्या सरांबद्दल आठ प्रश्न विचारले. दहा मिनिटांनी बाईंना कळलं की पोरगी तरंगतेय. तळव्यावर तिचं वजन पिसाएवढंही नव्हतं. फक्त दोन इंच खाली घ्यायचा होता हात. बोटं शिवशिवत होती, इतक्या वर्षांची सवय मनगटात बसलेली होती. लेक पोरीकडे बघतच नव्हती. ती पाण्याखाली बघत होती, बाईंच्या मनगटाकडे.

"भिंगरे, आता सोडू?"

"नको."

थोड्या वेळाने, "आता?"

"नको म्हटलं ना."

बाईंनी हात तसाच ठेवला. खांदा भरून आला, तरी ठेवला. जाळीवाला पानं काढून निघून गेला. सव्वाआठला लेकीने टॉवेल पुढे केला आणि बाईंच्या आयुष्यात पहिल्यांदा एक मूल दहादा 'नको' म्हणून, हात सुटल्याशिवायच पाण्याबाहेर आलं.

साडेआठला समुद्रात केशरी जॅकेट घातलेली पाच पोरं होती. चौथ्या लाटेला लाटवाल्याने तीन म्हटलं आणि भिंगरी फळीवर उभी राहिली. पडली, वर आली, केस झटकत ओरडली, "आजी, बघितलंस?"

बघितलं होतं. बाईंनी दोन पावलं मागे सरून छत्रीची दांडी धरली. त्यांच्याच नातीने, त्यांच्याच डोळ्यांदेखत, त्याला 'हो' म्हटलं होतं, तेही चौथ्या लाटेला.

तास संपल्यावर तो फळी ओढत वर आला. "काकू, सकाळी तुम्हीही शिकवत होतात म्हणे हिला. सुटली का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"उद्या परत जाणार आहेत दोघी," लेक मध्येच म्हणाली. ती भिंगरीच्या जॅकेटची चेन खाली ओढत होती, वर न बघता. "सातला. रोज. आम्ही आहोत तोपर्यंत."

बाईंनी लेकीकडे पाहिलं, मग लाटवाल्याकडे.

"पाय सरळ ठेवते ती फळीवर," त्या त्याला म्हणाल्या. "गुडघे वाकवायला सांगा. तुमचं लक्ष नव्हतं."

"बरं, काकू," तो म्हणाला.