एका वरातीला दोन बँड

माझ्या लग्नाच्या वरातीला मी एकाऐवजी दोन बँड ठरवले. पैसा वडिलांचा होता, अक्कल माझी.

त्यातला पहिला बँड म्हणजे एकटे मास्तर. गोंदियात त्यांना सगळे बँडमास्तरच म्हणत. फुंकण्याआधी ते क्लॅरिओनेट कपाळाला लावत, डोळे मिटत आणि ओठ हलवत. आम्हाला वाटे, उगाच ऐट. पुढे कळले की ते प्रार्थना करत. मास्तर ख्रिस्ती होते. साहेब लोक देश सोडून गेले, त्यांचे लाल कोट तेवढे बँडवाल्यांच्या अंगावर राहिले. त्यातला सर्वांत विटलेला कोट मास्तरांचा.

ढोल वाजवणारा त्यांचा लहानपणचा दोस्त. मिशनच्या बोर्डिंगात दोघे एका ताटात जेवलेले. ऐन लग्नसराईच्या तोंडावर या दोस्ताने एका राइस मिलवाल्या शेठला हाताशी धरले आणि वाजवणारी माणसे, नवे कोट, ठरलेल्या सुपाऱ्या असे सगळे घेऊन तो वेगळा झाला. मास्तरांकडे क्लॅरिओनेट उरले आणि दारावरची पाटी.

गावाला आनंद झाला. म्हणजे हळहळ वाटली. पण तुम्हीही गावात राहिलेली माणसे आहात, दोन्हींत फार अंतर नसते हे तुम्हाला ठाऊक आहे. सिनेमाला तिकीट पडे, मास्तरांच्या ओट्यावर फुकट बसता येई. जो तो सल्ला देई. मी तर बिडी कारखान्यातला बाबू, त्यात लग्न ठरलेले. स्वतःला शहाणा समजायला एवढे पुरे होते.

"राग येत नाही का, मास्तर?"

"येते ना बाबू. चौकात त्याचा ढोल आयकला का पाय आपोआप गल्लीत वळते. मंग गिरजाघरात जाऊन बसतो."

"तिथं काय मिळतं?"

"तुमाले पयलेपासून सांगा लागते. त्यातबी मधातच तुमी इचारता, मंग काय झालं? तिथं सांगाच नाई लागत. प्रभूले त्याच्याच चेल्यानं पकडून देल्लं. त्याले समदं ठाऊक हाय." मास्तर क्लॅरिओनेट पुसू लागले. "त्याचे तरी बारा होते. माया एकच होता."

"मग मागता काय त्याच्याकडे?"

"येवढंच, का ढोल समोर आला तं माये पाय पळू नये."

माझी निराशा झाली. इतका चांगला दगा, आणि हा माणूस त्याचा काही उपयोगच करेना. शेवटी सूड मीच घ्यायचे ठरवले. दोस्ताचे सगळे फुंकणारे माझ्या लग्नाच्या दिवशी अर्जुनी गावच्या वरातीला जाणार, अशी पक्की खबर मी काढली आणि दुसरा बँड म्हणून त्यालाच सुपारी दिली. पुढे मास्तरांचे सूर, मागे नुसती ढमढम. अख्खे गाव दोस्ताला हसेल. मास्तरांना यातले काही सांगितले नाही.

संध्याकाळी वरात निघाली. मागे ढोल वाजला आणि मास्तर जागीच थांबले. त्यांचे पाय गल्लीकडे वळले; मला घोड्यावरून स्पष्ट दिसले. इकडे ढोलाला सूरच नाही म्हटल्यावर लोक फिदीफिदी हसायला लागले. "बँड व्हय का दवंडी?" कोणीतरी म्हणाले. दोस्ताची मान खाली गेली, हात ढिला पडला. सगळे अगदी माझ्या मनासारखे चालले होते.

मास्तरांनी क्लॅरिओनेट कपाळाला लावले. नेहमीपेक्षा बराच वेळ लावून ठेवले. मग ते गल्ली सोडून उलट चालत आले आणि ढोलाशेजारी उभे राहिले.

"ठेका धर," ते म्हणाले.

"मास्तर, मी..."

"ते मंग. लोकं हासून रायले. धर."

मग ते जे वाजले, तसे गोंदियाने पुन्हा ऐकले नाही. हसणारे गप्प झाले आणि बँडच्या मागे मागे चालू लागले. माझ्या घोड्याचा लगाम सोडून घोडेवालाही गेला. घोडा मूळचा टांग्याचा. गर्दी पांगल्यावर त्याला घराचा रस्ता दिसला आणि तो वळला. मी ओरडलो, पण त्या बँडपुढे माझे कोण ऐकणार? मांडवात बँड पोचला, वऱ्हाडी पोचले. नवरदेव तबेल्यात होता.

पुढे मी मास्तरांना विचारले, "म्हणजे माफ केलं म्हणायचं?"

"आजच्यापुरतं केलं. उद्या उठून पुन्ना करा लागन. एकडाव करून नाई भागत, बाबू."

काही वर्षांनी मास्तर राजनांदगावला मुलीकडे गेले आणि तिकडेच वारले. मातीला इथून एकटा दोस्त गेला, ढोल खांद्याला अडकवून. तिथे त्याने तो वाजवला की नाही, हे त्याने कोणाला सांगितले नाही. मीही, आश्चर्य म्हणजे, विचारले नाही.

अजूनही पाहुणे आले की मी त्या दोघांचा समेट कसा घडवून आणला ते रंगवून सांगतो. बायको चहा घेऊन येते आणि गोष्ट तिथेच संपते.

"ह्यायचं काय आयकता जी? मी हार घेऊन उभी, अन् हे घोड्यासंगं तबेल्यात. म्या तं बाबाले म्हटलं, मास्तर टायमावर आले हायेत, त्यायच्याच गळ्यात टाकून देतो."