ओल्या पावलांचा मोसम

माणसाचं तोंड न बघता नुसते पाय बघून त्याच्याशी आयुष्यभर संबंध ठेवणारा गृहस्थ माझ्या साडूंखेरीज अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. रस्त्यात भेटले की आधी माझ्या चपलांकडे बघायचे आणि मग, नाइलाज झाल्यासारखे, मान वर करायचे. माझ्या लग्नात म्हणे त्यांनी मला न्हाणीघरातून बाहेर येताना पाहिलं होतं, म्हणजे माझी ओली पावलं शहाबादी फरशीवर पाहिली होती, आणि सासऱ्यांना जाऊन सांगितलं होतं, पोरगा आळशी हाय, पण टिकाऊ हाय. पुढे माझं जे झालं ते बघता दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

मूळचे ते विंचूरचे, नोकरीपायी पंचवटीत येऊन राहिलेले. नोकरीत त्यांचं मन कधी रमलं नाही. मन होतं सातपूरच्या एका कारखान्याच्या कबड्डी संघात. ऐंशी सालच्या अलीकडे-पलीकडे चांगल्या खेळाडूला कारखाने नोकरी देत. सकाळी यंत्रावर उभं राहायचं, दुपारनंतर मैदानावर, आणि मोसम बरा गेला तर नोकरी कायम. या संघाशी साडूंचा संबंध काय, असं विचारलं तर कोणालाच सांगता आलं नसतं. ते ना खेळाडू, ना पंच, ना कारखान्याचे नोकर. पण यंदा संघाचं काय होणार हे त्यांनी सांगितल्याशिवाय मोसम सुरू होत नसे.

त्याची रीत ठरलेली होती. दिवाळी झाली की एका सकाळी सगळा संघ गोदाघाटावर आंघोळीला यायचा आणि ओल्या पायांनी ओळीने पायऱ्या चढून जायचा. साडू खाली गुडघाभर पाण्यात उभे राहून दगडावरचे ठसे न्याहाळत. ज्याचं पाऊल उशिरा वाळेल तो मोसमभर टिकणार. ज्याचं लवकर वाळेल त्याचा गुडघा जाणार, नाहीतर खांदा. मी एकदा त्यांना म्हटलं, अहो, एका पायरीवर ऊन असतं, एकीवर सावली, कोणाच्या पायाला तेल असतं, यात कसलं आलंय भविष्य? ते रागावले नाहीत. माझ्या पायांकडे बघून एवढंच म्हणाले की तुम्हाला चहा सांगू का. त्या वर्षी त्यांनी सांगितलेल्या उजव्या कोपऱ्याच्या खेळाडूचं हाड पहिल्याच सामन्यात मोडलं. आमच्या गल्लीतला पानवाला एका सकाळी घाटावर आंघोळ करून चढला तेव्हा त्याचे ठसे बघून साडू उठून दुसरीकडे जाऊन बसले होते, आणि तो महिना पानवाल्याने पुरा केला नाही. तेव्हापासून मी थट्टा करणं सोडलं नाही, पण घाटावर त्यांच्यासमोरून ओल्या पायांनी जाणं मात्र सोडलं.

मग एका वर्षी त्यांचा स्वतःचा मुलगा संघात आला. पोरगा चढाईला वाऱ्यासारखा, दम असा की समोरच्यांनी कंटाळून सोडून द्यावं. बापलेकांचे पाय एका साच्यातले, अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. त्या सकाळी साडूंनी मला मुद्दाम बरोबर नेलं. एरवी पाण्यात उभे राहणारे साडू मुलाचं पाऊल जवळून बघायचं म्हणून या खेपेला पाण्यातून निघून ओळीच्या मागे स्वतःच चढू लागले. मुलगा सगळ्यांत शेवटी होता. साडू मान खाली घालून पुढच्यांचे ठसे बघत, कडेकडेने चढत होते, आणि मी चपला घालून दुसऱ्या कडेने.

वर पोचून ते वळले. मी शेजारीच होतो, म्हणून हे ऐकीव नाही. पायऱ्यांच्या मधोमध उमटलेले संघाचे सगळे ठसे काळेभोर ओले होते. कडेचे तेवढे, लांब बोटाचे, खालच्या पायरीपासून एकेक करून नाहीसे होत होते, कोणी पोतेरं फिरवत वर यावं तसे. ऊन सगळीकडे सारखंच होतं. शेवटचा ठसा आमच्या पायाशी येऊन पुसला गेला. साडूंच्या ओठांचा रंग गेला होता.

त्याच दुपारी त्यांनी सातपूरला जाऊन कप्तानाला सांगितलं की माझ्या पोराला चक्कर येते, त्याला घेऊ नका. पोराला आयुष्यात कधी चक्कर आली नव्हती. संघाच्या यादीतून नाव गेलं, आणि नावाबरोबर नोकरीही जाणार हे उघड होतं. पोरगा आण्णांशी, म्हणजे बापाशी, बोलेना. साडू जेवेनात. माझी मेव्हणी आमच्याकडे येऊन रडून गेली, कारण घरात दोघांपैकी कोणीच काय झालं ते सांगत नव्हतं. शेवटी मीच मुलाला घरी बोलावलं आणि घाटावर काय दिसलं ते सांगितलं.

कुठल्या पायऱ्या ते त्याने मला दोनदा विचारलं. मग म्हणाला, "काका, पण मी त्या पायऱ्यांनी चढलोच नाही. आण्णांच्या चपला शेजारच्या घाटावर राहिल्या होत्या. ओळ हलली तसा मी मागं वळलो, त्या घेतल्या अन् तिकडनंच वर आलो."

आम्हा दोघांनाही कळलं. इतकी वर्षं जगाची पावलं पाहणाऱ्या माणसाने स्वतःचं पाऊल कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून त्याला ते ओळखता आलं नव्हतं. सांगावं की सांगू नये, यात आमची संध्याकाळ गेली. मुलगा नको म्हणत होता. पण मला पोराची नोकरी दिसत होती, आणि साडूंचं न जेवणंही बघवत नव्हतं. मीच जाऊन सांगितलं.

वाटलं होतं हा माणूस खचेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच आधी तोंडाकडे, आणि लहान मुलासारखे हसले. "माझं व्हतं व्हय ते? मग काय नाय, पाव्हणं. म्या लय भ्यालो व्हतो." लगेच त्यांनी मेव्हणीकडे भाकरी मागितली. जेवून उठले आणि तडक कप्तानाकडे गेले. चक्कर मलाच येते, सांगताना गफलत झाली, असं म्हणून त्यांनी हात जोडले.

पोरगा खेळला. साडू प्रत्येक सामन्याला माझ्या शेजारी बसून मोठमोठ्याने हसत, नको तिथे टाळ्या वाजवत. मी त्यांना डॉक्टरकडे चला म्हणालो, तर म्हणाले मोसम संपू द्या. मोसम संपायच्या आधीच, एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या, ते गेले. पोराची नोकरी कायम झाली ती त्यांच्या तेराव्यानंतर.

आता दिवाळी झाली की मुलगा माझ्याकडे येतो, चहा घेतो, आणि जाता जाता विचारतो, "काका, यंदा आमचं कसं?" मला त्यातलं काही कळत नाही. पण त्याला विचारायला दुसरं माणूस उरलेलं नाही, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघून म्हणतो, चांगलं आहे.