कोणाकडून ऐकलं

आमच्या कॉलेजात लालसू पुंगाटीला कोणी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक म्हणत नाही, 'रेफरन्सवाले सर' म्हणतात. अहेरीच्या त्या कॉलेजात तो माझ्यासारखाच तासिकेवर आहे. तास घेतला तर पैसे, नाही तर बसा घरी. मी मराठी शिकवते, तो झाडं शिकवतो. पण पक्क्या नोकरीवाल्यांचा पेपर जर्नलला जायचा असला, की शेवटची संदर्भांची यादी लालसूच्या टेबलावर येऊन पडते. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षर, जर्नलचं नाव तिरपं. एका जर्नलला साल कंसात लागतं, दुसऱ्याला पार शेवटी, आणि हा गडी मान मोडेस्तोवर ते करत बसतो. मला तर बघूनच राग यायचा. ज्यांनी पानंच्या पानं लिहिली त्यांना चार टिंबं देता येत नाहीत होय?

एकदा मी तोंडावरच विचारलं, की दुसऱ्याची धुणी काऊन धुवून राह्यला तू? तो चिडला नाही. तो कधी चिडतच नाही, तेच तर डोक्यात जातं. म्हणाला, मले हे काम आवडते. त्याचं गाव एटापल्लीच्या पलीकडे जंगलात. तिथं जुनं काही सांगायला बसलेला माणूस आधी ते कोणाकडून ऐकलं ते सांगतो. मला अमक्याने सांगितलं, त्याला त्याच्या मामाने, मामाला आणखी कोणी. नावं न घेता सुरुवात केली तर म्हातारी माणसं सरळ उठून जातात. कॉलेजात शिकताना त्याने पहिल्यांदा एका पेपराच्या शेवटची यादी पाहिली, आणि त्याला वाटलं, हे तर आपल्यासारखंच आहे. शिकलेले लोकही आधी नावं घेतात. बिचारा तेव्हापासून त्या यादीच्या प्रेमात पडलेला.

त्याचा बाप बिरजू गावचा गायता, म्हणजे देवाचं बघणारा. चारोळीचं झाड असतं ना, त्याच्या फळाला आमच्याकडे चार म्हणतात. लालसूच्या गावात पंडुम झाल्याशिवाय चार कोणी तोडत नाही. पंडुम म्हणजे नवं फळ तोंडात घालायच्या आधीचा सण. बाकी गावांत व्यापारी लवकर येतो म्हणून लोक हिरवीच चार ओरबाडतात. लालसूने उन्हातान्हात गावोगाव फिरून झाडाखालची रोपं मोजली. जिथं पंडुमची वाट बघतात तिथं रोपं भरपूर, जिथं बघत नाहीत तिथं म्हातारी झाडं तेवढी उभी. बिरजूभाऊंनी त्याला सगळं सांगितलं, कुठला नियम का, कोणी घालून दिला. अट एकच घातली होती, की लिव, पण कोणाकडून ऐकलं ते आधी लिवजो.

लालसूला बाकी काही नको होतं. नोकरी पक्की होण्याची आशा त्याने केव्हाच सोडली होती. बापाचं नाव त्या यादीत यावं, आडनाव आधी, मग स्वल्पविराम, एवढंच.

पण त्याचे विभागप्रमुख अश्विन सर. त्यांनी एकदा सहज टिपणं बघायला मागितली, याने सहज दिली. मागितलं की द्यायचं, ही त्याच्या घरची रीत. काही महिन्यांनी सरांचा पेपर संदर्भ नीट करायला त्याच्याच टेबलावर आला. पंडुम, चार, बिरजूभाऊंचं सांगणं, सगळं त्यात. खाली बापाचं नाव नव्हतं. लालसूने घातलं, तर सर म्हणाले, जर्नलचा नियम वाच. यादीत फक्त छापलेलं येतं, तोंडी ऐकलेलं येत नाही. नियम खरंच तसा होता, आणि नियम मोडायचं लालसूला माहीतच नाही. त्याने स्वतःच्या हाताने ते नाव पुसलं. मी इतकी भडकले, की प्राचार्यांकडे चल म्हणून हात धरून ओढलं. पुढच्या वर्षीचे तास अश्विन सरच ठरवतात, असं म्हणून तो खाली बसला. माझ्या पेपरात येईल बाबाचं नाव, म्हणाला.

त्याने आपला पेपर पाठवला, आणि तो जर्नलचे शेरे घेऊन परत आला. यादीतली तोंडी नावं काढा. या विषयावर आधीच छापलेला लेख आहे, त्याचा संदर्भ द्या, तुमच्या मजकुरातला बराच भाग त्याच्याशी जुळतो. मी म्हटलं, वडिलांनाही लेखक कर. तर प्रत्येक लेखकाची संस्था आणि ई-मेल हवा होता. बिरजूभाऊंचा ई-मेल कुठून आणणार? शेवटी आभारात नाव टाकलं. आभारात तर चहा देणाऱ्याचंही नाव असते, लालसू हळूच म्हणाला. आणि मग जिथं जिथं बापाचं सांगणं होतं, तिथं तिथं त्याने अश्विन सरांचं आडनाव आणि साल कंसात घातलं. अगदी बिनचूक घातलं. पेपर छापून आला. मला पेढा द्यायला आला तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघवेना.

यंदा चारीच्या पंडुमला त्याने मला गावी नेलं. बिरजूभाऊंनी मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. मग पूजेआधी, सगळी माणसं जमलेली असताना, त्यांनी लालसूला ते छापलेलं वाचून दाखवायला सांगितलं. दरवर्षी चारीची गोष्ट बाप सुरू करतो आणि शेवट लालसू सांगतो, बापामागे ती त्याच्याकडेच यायची होती. लालसू वाचत होता आणि त्यांच्या बोलीत सांगत होता. मधे मधे तेच एक आडनाव येत होतं, ते मला कळत होतं. त्याने ते गाळलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण नाव गाळणं त्याच्या रक्तातच नाही.

बिरजूभाऊ शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग माझ्याकडे एकदा बघून, मला कळावं म्हणून मराठीत बोलले.

"हे तू कोणाकडून ऐकलं म्हून लिवलं?"

"अश्विन सरांकडून," लालसू म्हणाला. "तसंच लिवा लागते, बाबा. तुमचं नाव शेवटी आहे, आभारात."

म्हातारा रागावला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली.

"मी त्याईले वळखत नाई. पण तू नाव घेतलं, म्हंजे त्याईनंच सांगतलं असन. आता पुढचं बी त्याईलेच विचारजो."

मी मधे पडले. भाऊ, त्याची चूक नाही, तिकडचे नियमच तसे आहेत, असं काहीबाही बोलले. आमच्याकडेबी नियम आहे ना बाई, ते म्हणाले, आणि मला चहा आणायला कोणाला तरी सांगितलं. मग त्यांनी पुतण्याला, सुनिलला, समोर बसवलं आणि गोष्ट सुरू केली. आधी नावं. आज्याचं, आज्याच्या भावाचं, बापाचं, मग स्वतःचं. शेवटी सुनिलच्या खांद्यावर हात ठेवून त्याचं नाव घेतलं.

लालसू हातात तो पेपर घेऊन माझ्या बाजूला उभा होता. सगळी नावं संपेपर्यंत तो ऐकत होता.