परसरामच्या स्लॅबवरचं नेट

मँगनीजच्या खाणीत एकतीस वर्षं खाली उतरलेला परसराम आयुष्यात कशाला घाबरला असेल, तर मोबाईलवरच्या नेटचा वेग दाखवणाऱ्या काट्याला. लेकीच्या नोकरीचा जीव त्या काट्यात अडकला होता.

रीना त्याची एकुलती एक. आई बायजाबाई लकव्याने अंथरुणाला खिळलेली, म्हणून पोरीला चिखला गाव सोडून कुठे जाता येत नव्हतं. पुण्याची एक कंपनी तिला घरबसल्या ग्राहकांचे फोन घ्यायचं काम द्यायला तयार होती. दोन मुलाखती तिने झकास दिल्या. अट एकच उरली होती. मंगळवारी अकरा वाजता कंपनी नेट तपासणार, वेग वीसच्या वर हवा. पंधरा मिनिटांत जमलं नाही, तर नाव कटलं.

नेटसाठी बापलेकीने काय कमी पायपीट केली? सरकारी तार ग्रामपंचायतीपर्यंत आली आणि तिथेच बसली. डब्याला कुलूप, किल्लीचा पत्ता नाही. तुमसरच्या केबलवाल्याने "दहा घरं जमवा, मंग तार टाकतो" म्हणत वाटाण्याच्या अक्षता लावल्या. परसरामने गावभर फिरून चारच घरं जमवली. बिनतारी डबा बसवणारा आला, स्लॅबवर चारही दिशांना फोन फिरवून म्हणाला, "काका, आमच्या टॉवरच्या मधात टेकडी येऊन राहिली," आणि चहा पिऊन गेला. जाहिरात करताना बरी दिसली नाही त्याला टेकडी! उरलं रीनाच्या मोबाईलमधलं सिम. घरात त्याचा वेग दोन, स्लॅबवर टाकीजवळ मात्र बावीस-चोवीस. तिथे पत्र्याचं शेड बांधून द्यायचं परसरामने कबूल केलं.

मंगळवारी सकाळी आईचं अंग पुसून द्यायला रीना खाली गेली. जाताना मोबाईल बापाच्या हाती दिला. "बाबा, लक्ष ठेवजा. वेग कमी झाला तं हाक मारजा."

आता परसरामला सवय खाणीची. कामाला हात लावण्याआधी सब्बलीने, म्हणजे लोखंडी पहारीने, डोक्यावरचा दगड ठोकायचा, कान देऊन आवाज ऐकायचा, पुन्हा ठोकायचा. एकदाच ठोकून विश्वास ठेवणाऱ्यांचं काय होतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने तपासणीचं बटण दाबलं. तेवीस. टाकीच्या पलीकडे जाऊन दाबलं. चोवीस. जिवात जीव आला. पण घडीभरात दगड सैल होतो, तिथे नेटचा काय भरवसा? तासाभरात त्याने चाळीसेक वेळा दाबलं असेल. दर तपासणीला नेट खर्च होतं आणि सिमवर ते दिवसाला मोजूनच मिळतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

अकराला पाच कमी असताना रीना केस विंचरून वर आली. लॅपटॉप जोडला, पान उघडेना. मोबाईलवर संदेश होता, आजचं नेट संपलं.

"बाबा, तुम्ही काही पायलं का याच्यावर?"

"नाई वं. निस्तं चेक करून राहिलो होतो."

"किती वेळा?"

"चाळीसेक खेपा."

जादा नेट विकत घ्यायचं पानही उघडेना. परसरामचा स्वतःचा फोन बटणांचा, शेजारची घरं धान कापायला गेलेली. गोबरवाहीच्या रिचार्जवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "दुकानातच जाऊन राहिलो, दहा मिनिटं." नेट आलं तेव्हा अकरा वीस झाले होते. पान उघडलं. तुमच्या ठिकाणी इंटरनेट अपुरं असल्याने अर्ज बंद करण्यात आला आहे.

"तुही नोकरी मीच खाल्ली," परसराम म्हणाला.

"तुम्ही कायले खासान बाबा? मीच सांगाले पाह्यजे होतं." लॅपटॉप मिटून ती आईला जेवण भरवायला खाली गेली. पोरीने चार शब्द सुनावले असते तर बापाला सोसले असते. हे सोसवत नव्हतं.

कंपनीच्या पत्रावर एक नंबर होता. परसरामने आपल्या फोनवरून तो लावला. पलीकडे एक बाई आधीच भरून ठेवलेल्या गोड आवाजात हिंदीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन दाबायला सांगत होती. हे मशीन आहे, हे त्याला कळत होतं. तरी तो हात जोडल्यासारखा उभा राहून बोलत राहिला, "म्याडम, नेट हाय आमच्या घरी. पोरगी लय हुशार हाय. चूक तिच्या बापाची हाय म्याडम, तिचं नाव नोका कापू."